सिझेरियनसाठी पाठीत दिलेले इंजेक्शन, नंतरची डोकेदुखी आणि दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्या पत्नीचे सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन झाले. दुसऱ्या दिवशी उठून बसल्यावर तिचे डोके असह्य दुखू लागले आणि आडवे झाल्यावर ते थांबे. हा त्रास आठ-दहा दिवस चालला आणि त्याला अशक्तपणा म्हटले गेले. त्यानंतर तिची पाठ अधूनमधून दुखत राहिली. आता ती पुन्हा गरोदर आहे, आठवा महिना सुरू आहे, आणि या वेळी इंजेक्शन नको, पूर्ण भूलच द्या, असा घरच्यांचा आग्रह आहे. डोकेदुखी आणि पाठदुखी दोन्ही त्या इंजेक्शनमुळे झाली का, आणि आता पूर्ण भुलीचा आग्रह धरावा का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. डोकेदुखी बहुतेक त्या इंजेक्शनमुळेच होती, आणि ती त्याच वेळी ओळखून तिच्यावर उपचार व्हायला हवे होते. पाठदुखी मात्र बहुधा त्या इंजेक्शनची नाही. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. पाठ दुखली की वर्षानुवर्षे त्या सुईला दोष दिला जातो, आणि ओल्या बाळंतिणीची डोकेदुखी मात्र जागरण, अशक्तपणा किंवा वारा लागला असे म्हणून सोडून दिली जाते. भूलतज्ज्ञ म्हणून मला या दुसऱ्या गोष्टीची काळजी अधिक वाटते, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

प्रथम हे इंजेक्शन नेमके कोठे दिले जाते ते पाहू, कारण बरीचशी भीती या ठिकाणाच्या चुकीच्या कल्पनेतून येते. मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली येतो, पण प्रौढ माणसात तो साधारणपणे कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याच्या खाली मज्जातंतूंचे सुटे धागे असतात आणि ते मेंदूभोवती व मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या स्वच्छ द्रवात तरंगत असतात. सुई या पातळीच्या खाली, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील फटीतून घातली जाते. ती हाडात जात नाही. ती अस्थिबंधांतून पुढे सरकते, ड्यूरा हे द्रवाभोवतीचे मजबूत आवरण भेदते, आणि सुईतून द्रवाचा थेंब दिसला की औषध दिले जाते. औषध म्हणजे बहुतेक ठिकाणी ०.५ टक्के बुपिव्हाकेन असते. त्यात डेक्स्ट्रोज मिसळून ते द्रवापेक्षा जड केलेले असते, आणि सिझेरियनसाठी त्याचे साधारण दोन मिलीलीटर पुरतात. काही मिनिटांत छातीपासून खालचा भाग बधिर होतो. दोन-तीन तासांत औषधाचा अंमल उतरतो आणि औषध शरीरातून निघून जाते. मागे राहते ते फक्त आवरणाला पडलेले सूक्ष्म छिद्र, आणि डोकेदुखीचे मूळ त्या छिद्रात असते.

ते छिद्र लगेच बुजले नाही, तर त्यातून द्रव आवरणाबाहेर झिरपत राहतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव एकूण दीडशे मिलीलीटरच्या आसपास असतो. रोज सुमारे पाचशे मिलीलीटर नवा द्रव तयार होतो, पण गळती त्याहून वेगाने झाली तर दाब उतरतो. माणूस उभा राहिला की मेंदूला असलेला द्रवाचा आधार कमी पडतो, वेदना जाणवणाऱ्या आवरणांवर आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो, आणि रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. त्यामुळे ही डोकेदुखी बसल्या-उभ्याने चढते आणि आडवे पडल्यावर काही मिनिटांत उतरते. तिच्यासोबत मान आखडते, मळमळते, कानांत आवाज येतो किंवा ऐकू कमी येते, उजेड सहन होत नाही, आणि क्वचित एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. ती बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होते. टोचल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू होणे हा तिच्या व्याख्येचाच भाग आहे. आपण केलेले वर्णन या सगळ्याशी जुळते.

हा त्रास या तंत्राइतकाच जुना आहे. जर्मनीतील कील येथे शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी १८९८ च्या ऑगस्टमध्ये मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन देऊन शस्त्रक्रिया केल्या, आणि त्याच महिन्यात त्यांनी व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. बीअर यांच्या वेळी सिरिंज सुईत नीट बसेना, त्यामुळे औषध पोहोचले नाही आणि बराच द्रव मात्र वाहून गेला. पुढचे नऊ दिवस बीअर यांना उठले की डोकेदुखी व चक्कर येई आणि झोपले की बरे वाटे. द्रव गमावल्यामुळे हे झाले असावे, हा त्यांचा तर्क बरोबर होता. सव्वाशे वर्षांपूर्वी वर्णन केलेल्या या गुंतागुंतीला आजही एखाद्या वॉर्डात अशक्तपणा म्हटले जावे, याचे मला वाईट वाटते.

ही डोकेदुखी किती जणींना होईल हे मुख्यत्वे सुईवर अवलंबून असते. सुई जितकी बारीक तितके छिद्र लहान. पण जाडीइतकाच तिच्या टोकाचा आकारही महत्त्वाचा आहे. क्विंकी नावाच्या जुन्या पद्धतीच्या सुईचे टोक धारदार असते आणि ते आवरण कापत जाते. व्हिटॅकर किंवा स्प्रॉट या सुयांचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते असून छिद्र बाजूला असते, त्यामुळे डोकेदुखीचे प्रमाण बरेच कमी राहते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१८ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पाठीतून द्रव काढणे, स्पायनल म्हणजे पाठीतले हेच बधिर करणारे इंजेक्शन देणे अशा सर्व कारणांसाठी वापरलेल्या सुयांची तुलना होती. पारंपरिक सुयांनंतर ही डोकेदुखी सुमारे ११ टक्के रुग्णांना झाली होती आणि निमुळत्या टोकाच्या सुयांनंतर सुमारे ४ टक्क्यांना. सिझेरियनसाठी २५ किंवा २७ गेजची (गेज हे जाडीचे माप, आकडा मोठा तितकी सुई बारीक) निमुळत्या टोकाची सुई वापरली तर प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास आणता येते. तरुण वय, स्त्री असणे आणि गर्भावस्था या तीनही गोष्टी धोका वाढवतात, त्यामुळे बाळंतिणीच्या बाबतीत सुईची निवड किरकोळ मानता येत नाही. लहान रुग्णालयांत अजून धारदार सुया वापरल्या जातात, कारण त्या स्वस्त आहेत. किमतीतला हा फरक सिझेरियनच्या एकूण बिलात जाणवणारही नाही, पण एका बाईचे बाळाला मांडीवर घेण्याचे पहिले दहा दिवस त्यावर अवलंबून असू शकतात. येथे काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वेदनारहित प्रसूतीसाठी पाठीत बारीक नळी घालतात तो एपिड्युरलचा प्रकार वेगळा आहे. त्यात ड्यूरा भेदायचाच नसतो, पण सुई बरीच जाड असते, आणि साधारण शंभरात एखाद्या वेळी ती चुकून आवरणापार जाते. तसे झाले तर निम्म्याहून अधिक जणींना डोकेदुखी होते आणि ती अधिक तीव्र असते.

आता वॉर्डातील नियमांविषयी. चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही, कुशीवर वळायचे नाही, ही सूचना अजूनही सर्रास दिली जाते. सपाट झोपून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. डोकेदुखी असताना आडवे पडल्याने बरे वाटते एवढे खरे, पण ती होऊ नये म्हणून सक्तीने झोपवून ठेवण्याला आधार नाही. उलट त्यात तोटा आहे. बाळंतपणानंतरच्या दिवसांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि हालचाल बंद झाली की पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका आणखी वाढतो. पायांतील ताकद परत आली, रक्तदाब ठीक असला, की बाळंतिणीला उठवावे, बसवावे, चालवावे. भरपूर पाणी पाजल्याने डोकेदुखी टळते हेही सिद्ध झालेले नाही. मात्र अनेक घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ते तर निश्चितच घातक आहे. त्याचे कारण पुढे येईल.

डोकेदुखी झालीच तर सौम्य असताना पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधे, पुरेसे पाणी आणि विश्रांती यांवर भागते. कॅफीनने काही तास आराम पडू शकतो. स्तनपान चालू असल्याने त्याचे प्रमाण मर्यादित ठेवतात, पण नेहमीच्या कॉफीला हरकत नसते. बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत छिद्र बुजते आणि त्रास थांबतो. परंतु आईला बाळाला पाजायला बसता येत नसेल, शौचाला जाता येत नसेल, तर दोन आठवडे वाट पाहायला लावणे योग्य नाही. अशा वेळी एपिड्युरल ब्लड पॅच हा उपचार सुचवायला हवा. रुग्णाच्याच हाताच्या शिरेतून निर्जंतुक पद्धतीने साधारण वीस मिलीलीटर रक्त काढून ते लगेच पाठीत, ड्यूराच्या बाहेरच्या जागेत सोडतात. रक्त तेथे गोठते आणि गळती थांबवते. १९६० मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक गॉर्मली यांनी हा उपचार प्रथम मांडला. टोचताना थोडा रक्तस्राव झालेल्या रुग्णांना नंतर डोकेदुखी कमी होते, या निरीक्षणावरून ही कल्पना सुचली होती. पहिल्या पॅचनंतर बहुसंख्य रुग्णांना आराम पडतो, काहींना दुसरा लागतो. ताप असताना किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना तो देत नाहीत. पॅचमध्येही सुई पाठीत जातेच, त्यामुळे तो अनुभवी हातांनीच व्हावा. आपल्या पत्नीला हा पर्याय कोणी सांगितलाच नाही असे आपल्या पत्रावरून दिसते. तो सांगितला जायला हवा होता.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाळंतपणानंतरची प्रत्येक डोकेदुखी सुईची नसते. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातील सर्वांत अवघड आणि सर्वांत जोखमीचा भाग हाच आहे. गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके प्रसूतीबरोबर संपत नाहीत, ते प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतात. म्हणून डोके दुखते म्हणणाऱ्या बाळंतिणीचा रक्तदाब सर्वप्रथम मोजला पाहिजे, मग तिला स्पायनल दिलेले असो वा नसो. डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणे, चेहऱ्यावर सूज, लघवीत प्रथिने अशी लक्षणे सोबत असतील तर तातडीने दाखल करावे लागते, झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट द्यावे लागते, आणि झटके थांबत नसतील तर अतिदक्षता विभागात श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वसनावर ठेवण्याची वेळ येते. त्या टप्प्यावर मॅग्नेशियम आणि भुलीतील स्नायू शिथिल करणारी औषधे एकमेकांचा परिणाम वाढवतात, रक्तदाब अचानक चढून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि सुजलेल्या घशात नळी घालणे कठीण जाते. हे सगळे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे वॉर्डात वेळेवर रक्तदाब पाहणे.

दुसरा आजार म्हणजे मेंदूतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांना बाळंतिणींमधील हा आजार चांगला परिचित आहे. बाळंतपणात रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेले असते. त्यात पाणी कमी, रक्तक्षय, संसर्ग आणि बंद खोलीतील शेकशेगडी यांची भर पडली तर धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी मोजून देऊ नका असे मी म्हणतो ते याचसाठी. मनात गोंधळ निर्माण करणारी गोष्ट अशी की सुईची डोकेदुखी आणि ही गुठळी एकाच रुग्णात एकामागून एकही येऊ शकतात, आणि द्रवाचा दाब दीर्घकाळ उतरलेला राहिला तर कवटीच्या आत आवरणाखाली रक्तही साठू शकते. म्हणून निदानाची किल्ली डोकेदुखीच्या स्वभावात झालेल्या बदलात असते. आधी आडवे पडल्यावर थांबणारे दुखणे आता झोपूनही थांबत नाही, उलट झोपल्यावर वाढते, वारंवार उलट्या होतात, झटका येतो, हाता-पायात किंवा बोलण्यात कमजोरी येते, गुंगी येते, किंवा तापासह मान ताठ होते, यांपैकी काहीही दिसले तर ती सुईची साधी डोकेदुखी नाही असे समजून त्याच दिवशी एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात नेले पाहिजे. गुठळीच्या शंकेत शिरांचे चित्रणही मुद्दाम मागावे लागते, कारण साधा सीटी स्कॅन सामान्य दिसू शकतो.

आता पाठदुखी. इंजेक्शनच्या जागी दोन-चार दिवस हुळहुळणे, दाबल्यावर दुखणे हे होते आणि ते आपोआप जाते. पण महिनोन्महिने टिकणारी कंबरदुखी स्पायनलमुळे होते असे पुरावे सांगत नाहीत. प्रसूतीच्या वेळी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पुढील काळातील पाठदुखीचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. गरोदरपणात पोटाच्या भाराने कमरेचा बाक वाढतो, संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात, पोटाचे स्नायू ताणले जातात. त्यानंतर वाकून पाजणे, बाळ कडेवर घेणे, झोप न होणे, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि पहिल्याच महिन्यात अंगावर पडणारे घरकाम. ज्यांचे बाळंतपण इंजेक्शनशिवाय नैसर्गिक झाले त्यांचीही पाठ दुखतेच, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायला सुई नसते. यातला खरा तोटा असा की दोष सुईला दिला की उपचार थांबतात. इंजेक्शनची पाठ आहे, आता ती दुखणारच, असे म्हणून ती बाई दहा वर्षे सहन करते, जिला व्यायाम, योग्य बसणे आणि तपासणी यांनी आराम मिळाला असता. आपल्या पत्नीची पाठदुखी पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून तिची स्वतंत्र तपासणी करून घ्या.

कायमच्या अपंगत्वाची भीती अनेकांच्या मनात असते, म्हणून त्याचे प्रमाण सांगतो. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या तिसऱ्या राष्ट्रीय तपासणीचा अहवाल २००९ मध्ये आला. सात लाखांहून अधिक स्पायनल, एपिड्युरल व तत्सम इंजेक्शनांत कायमची इजा लाखात दोन ते चार इतकी आढळली, आणि प्रसूतीच्या रुग्णांत ती त्याहूनही कमी होती. धोका अगदी कमी आहे, पण शून्य नाही, आणि तो वेळेवर ओळखण्यावर परिणाम ठरतो. मणक्याच्या पोकळीत रक्त साठले तर ते मज्जातंतूंना दाबते, आणि शस्त्रक्रियेने तो दाब पहिल्या काही तासांत, शक्यतो आठ ते बारा तासांत काढला तरच पाय वाचण्याची शक्यता चांगली राहते. म्हणून बधिर करणाऱ्या औषधाच्या शेवटच्या डोसनंतर चार तासांनीही पाय सरळ उचलता येत नसेल, किंवा एकदा आलेली ताकद पुन्हा जात असेल, किंवा जांघा आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर राहून लघवीवरचे नियंत्रण गेले असेल, तर औषधाचा अंमल अजून आहे असे समजून सकाळची वाट पाहायची नाही. हा धोका रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांमुळे वाढतो. कमी रेणुभाराचे हेपारिन गुठळी टाळण्यासाठी अल्प मात्रेत दिले असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान बारा तास, आणि उपचारासाठीच्या मोठ्या मात्रेनंतर चोवीस तास स्पायनल देण्यापूर्वी थांबावे लागते. गरोदरपणात दिलेली अल्प मात्रेतील ॲस्पिरिन एकटी असेल तर ती आड येत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, सत्तर हजारांच्या वर आणि स्थिर असतील तर सर्वसाधारणपणे पुढे जाता येते. मात्र पावसाळ्यात डेंग्यूचा ताप असलेली किंवा रक्तदाबाच्या गंभीर आजारामुळे प्लेटलेट तासागणिक घसरणारी रुग्ण आली तर सकाळचा अहवाल दुपारी उपयोगाचा नसतो, तपासणी पुन्हा करावी लागते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी स्पायनलमुळे रक्तदाब उतरणे ही नेहमीची अडचण आहे. नसा बधिर होताना रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे तंतूही बधिर होतात, शिवाय उताण्या अवस्थेत गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. त्यामुळे आईला मळमळते, घाबरे होते, आणि बाळाचा रक्तपुरवठा घटतो. याची तयारी आधीच असते. तिला डावीकडे थोडे कलते ठेवतात, इंजेक्शनसोबतच सलाईन वेगाने सोडतात आणि रक्तदाब वाढवणारे फिनाइलएफ्रिन किंवा आपल्याकडे प्रचलित असलेले मेफेन्टरमीन तयार ठेवतात. औषध अपेक्षेपेक्षा वर चढले तर हाताची पकड सैल पडते, आवाज कुजबुजल्यासारखा होतो, नाडी मंदावते. तेव्हा शेजारी भूलतज्ज्ञ हजर असणे हाच उपाय असतो. इंजेक्शन देऊन भूलतज्ज्ञाने पुढच्या रुग्णालयात निघून जाणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

कधी औषधाचा परिणाम अपुरा होतो. ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना लागू पडणारी एक बाब म्हणजे पूर्वी एकदा किंवा अनेकदा विंचू चावलेल्या काही रुग्णांत बधिर करणारी औषधे नीट काम करत नाहीत, अशी निरीक्षणे भारतीय भूलतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली आहेत. म्हणून शेतात काम करणाऱ्या बाईला विंचू चावला होता का, हे मी विचारतो. कारण काहीही असो, शस्त्रक्रिया चालू असताना आई दुखते म्हणाली तर तिचे म्हणणे खरे धरून तेथेच थांबले पाहिजे आणि वेदनाशामक किंवा पूर्ण भूल दिली पाहिजे. थोडे सहन करा, झालेच, हे शब्द शस्त्रक्रियागृहात शोभत नाहीत.

आणखी एक धोका रुग्णाच्या शरीरातला नसून टेबलावरचा आहे. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडची कुपी आणि बुपिव्हाकेनची कुपी दिसायला सारख्या असल्याने हे औषध चुकून पाठीत दिले गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. त्यातून तीव्र झटके येतात आणि अनेक रुग्ण दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये याबाबत इशारा दिला. दोन्ही कुप्या एकाच ट्रेमध्ये कधीही न ठेवणे आणि औषध भरण्यापूर्वी नाव दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घेणे, एवढी शिस्त प्रत्येक रुग्णालयाला परवडते.

एवढे धोके सांगूनही मी स्पायनलच सुचवतो, कारण तुलना धोका नसलेल्या पर्यायाशी नाही, पूर्ण भुलीशी आहे. गरोदर स्त्रीच्या जठरातील आम्लयुक्त पदार्थ वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका अधिक असतो. १९४६ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ मेंडेलसन यांनी हा प्रकार प्रसूतीच्याच रुग्णांत वर्णन केला होता. घशाला सूज, वाढलेली छाती आणि वजन यांमुळे श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, आणि प्रसूतीच्या पूर्ण भुलीत सुमारे चारशेत एकदा ती घालता येत नाही. गर्भवतीचा प्राणवायूचा साठा लवकर संपत असल्याने विचार करायला मिळणारा वेळही कमी असतो. भुलीचे वायू गर्भाशय सैल करतात, त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय जाग आल्यावर वेदना एकदम सुरू होतात, आणि बाळाचा पहिला आवाज आईला ऐकायला मिळत नाही. मात्र खूप रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला असेल, रक्त गोठत नसेल, टोचण्याच्या जागी संसर्ग असेल, हृदयाचे काही विशिष्ट आजार असतील, किंवा बाळाचा जीव वाचवायला मिनिटेच हातात असतील, तेव्हा पूर्ण भूलच योग्य असते आणि कुशल हातांत ती चांगली सुरक्षित आहे. हा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीवर सोपवावा, मागच्या डोकेदुखीवरून आत्ताच घेऊ नये. मागच्या वेळी ही डोकेदुखी झाली होती म्हणून स्पायनल देता येत नाही असे नाही, सुई बदलणे मात्र आवश्यक आहे.

म्हणून आता, नवव्या महिन्याआधीच, भूलतज्ज्ञांची वेळ घ्या. आपल्याकडे भूलतज्ज्ञ आणि रुग्ण यांची पहिली भेट अनेकदा शस्त्रक्रियागृहाच्या टेबलावरच होते, आणि तेथे घाबरलेल्या बाईला काही विचारताही येत नाही. मागच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि शक्य असल्यास भुलीची नोंद सोबत न्या. डोकेदुखी कधी सुरू झाली, किती दिवस होती, कशाने थांबे, हे सांगा. या वेळी निमुळत्या टोकाची बारीक सुई वापरता येईल का, असे सरळ विचारा. चांगल्या भूलतज्ज्ञाला हा प्रश्न उद्धट वाटत नाही. रुग्णालयात ती सुई नसेल तर आगाऊ मागवता येते. डोकेदुखी झाली तर कोणाला फोन करायचा आणि ब्लड पॅचची सोय जवळ कोठे आहे, हेही त्याच भेटीत ठरवून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांचेही तेव्हाच बोलून घ्या. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही औषधे, मूत्रपिंडाचा किंवा पोटातील व्रणाचा त्रास नसेल तर, पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी द्यावीत. दुखले की मागा, ही पद्धत चुकीची आहे, कारण आपल्या बायका शेवटपर्यंत मागत नाहीत. ही औषधे स्तनपानात चालतात. ट्रामाडॉल मात्र सवयीने देऊ नये. काही मातांच्या शरीरात त्याचे रूपांतर फार वेगाने होऊन ते दुधातून बाळाला गुंगी आणू शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये स्तनपान करणाऱ्या मातांसाठी त्याविरुद्ध ताकीद दिली आहे. स्पायनलमध्येच अल्प मात्रेत मॉर्फीन दिल्यास जवळपास दिवसभर उत्तम आराम मिळतो. खाज सुटते, मळमळते, आणि क्वचित श्वास मंदावतो, म्हणून रात्री दर तासाला श्वास मोजणारी परिचारिका असेल तेथेच ते द्यावे. तशी सोय नसेल तर पोटाच्या भिंतीतील नसा सोनोग्राफीच्या साह्याने बधिर करण्याचा पर्याय आहे, आणि तो आता जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक भूलतज्ज्ञ करतात.